हिशेब विचारलात म्हणून

उल्म, जर्मनी
21 डिसेंबर 2025

ती. अण्णा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार. आजीला दंडवत. बारकीला खूप खूप प्रेम.

पत्र बघून घाबरू नका. माझी तब्येत ठणठणीत आहे, वॉर्डातली ड्युटी नीट चालू आहे, वजनही उतरलेलं नाही. आई, व्हिडिओत माझा चेहरा सुकलेला दिसतो तो रात्रपाळीमुळं. उपाशी मी राहत नाही. फोनवर आपलं बोलणं अर्ध्यावर तुटतं. अण्णा रानात असतात, रेंज जाते, मग आजी फोन घेते आणि "जेवलीस का" याच्या पुढं गाडी जात नाही. गेल्या रविवारी अण्णांनी विचारलं, "तू तिकडं पैसे उडवायलीस का गं?" त्याचं उत्तर तेव्हा द्यायचं राहिलं. आज सुट्टी आहे, रविवारी इथं दुकानंही बंद असतात, म्हणून निवांत लिहायला बसले. बारकीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं, मधलं काही गाळू नये.

येळवशीच्या, वेळ अमावस्येच्या रानातल्या पूजेचे फोटो मिळाले. कडब्याची कोप छान झाली होती. आंबिलीचं मडकं दिसलं आणि पुढचे फोटो जरा वेळानं बघितले. येसर मसाला अजून शिल्लक आहे, पुरवून वापरते. आई, पार्सल पाठवू नको. आतल्या चिवड्याच्या कितीतरी पट कुरिअरवाला घेतो. डबा उघडला की खोलीभर घराचा वास येतो, खोटं कशाला सांगू, पण तेवढ्या पैशात आजीच्या डोळ्यांचे थेंब येतात.

आता मी घेतलेल्या कोटाचं. अण्णा, तुम्ही कोटाच्या किमतीला शंभरानं गुणलंत आणि गप्प झालात. युरो शंभर रुपयांच्या वर आहे हे मलाही पाठ आहे. पहिले काही महिने मी भाजीची जुडी उचलताना सुद्धा गुणाकार करायची आणि ती परत ठेवायची. पण पहाटेच्या पाळीला मी निघते तेव्हा रस्त्यावर बर्फ असतो, बस येईपर्यंत उघड्यावर थांबावं लागतं, आणि पुढं आठ तास म्हाताऱ्या माणसांना उचलायचं, वळवायचं, अंघोळ घालायची असते. मी आजारी पडले तर त्यांना कोण बघणार? कोट एकदाच घेतला, चार-पाच हिवाळे निघतील असा घेतला. बूट तर जुन्या वस्तूंच्या दुकानातले आहेत, धुऊन-पुसून नव्यासारखे केलेत. हा खर्च वायफळ नाही अण्णा, यावर मी ठाम आहे.

वायफळ काय होतं ते मीच शोधून काढलं. रात्रपाळी सुटली की कोपऱ्यावरच्या बेकरीत सगळ्या जणी कॉफी आणि मिठाचा गरम पाव घ्यायच्या, त्यांच्याबरोबर मीही. महिन्याची बेरीज केली तेव्हा आकडा बघून झोप उडाली. आता थर्मासात घरचा चहा नेते. त्यांच्याजवळ बसते, बोलते, पण विकत घेत नाही, आणि कुणी नावंही ठेवत नाही. मोबाइलवरून जेवण मागवणं बंद केलंय. केरळची मैत्रीण आणि मी आठवड्याचं मिळून शिजवतो. तिचा भात, माझी आमटी. घरी पैसे पाठवायचे तर दर वेळी फी कापली जाते, म्हणून दर पंधरा दिवसांनी थोडे-थोडे पाठवण्याऐवजी दोन महिन्यांचे एकदम पाठवते. मधे पैसे आले नाहीत की तुम्हाला वाटतं हिचं काहीतरी बिनसलं. तसं काही नाही, ते फीचं कारण आहे. काही खर्च मात्र टळत नाहीत. घरात टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओचे घरटी महिन्याला 18.36 युरो द्यावेच लागतात. दोघी राहतो म्हणून निम्मे-निम्मे होतात. बस-रेल्वेचा महिन्याचा पास 58 युरोंचा आहे, जानेवारीपासून 63 चा होणार.

आता आजीसाठी एक गोष्ट सांगते, सावकाश समजावून सांगते. इथं पाण्याची किंवा सरबताची बाटली घेतली की किमतीवर अनामत द्यावी लागते. तिला फांट म्हणतात. एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली किंवा पत्र्याचा डबा असेल तर 25 सेंट, म्हणजे आपले पंचवीस रुपयांच्या वर. धुऊन परत भरायची बाटली असेल तर बहुतेक वेळा 15 सेंट. बिअरच्या काचेच्या बाटलीला 8. वाइनच्या काचेच्या बाटलीला सहसा काहीच नाही. एकदाच वापरायच्या बाटल्यांना 2003 पासून कायद्यानंच ही अनामत लागते, आणि मागच्या वर्षापासून प्लास्टिकच्या बाटलीतल्या दुधालाही लागू झाली. बाटली रिकामी झाली की फेकायची नाही. घरात एका पिशवीत साठवायची आणि दुकानात न्यायची. तिथं भिंतीत गोल तोंडाचं एक मशीन असतं. बाटली आडवी आत सारायची. ती आत गोल फिरते, तिच्यावरच्या काळ्या रेघा मशीन वाचतं आणि पडद्यावर पैसे दाखवतं. म्हणून बाटली चेपायची नाही आणि तिच्यावरचा कागदही काढायचा नाही, नाहीतर मशीन तिला बाहेर ढकलतं. सगळ्या टाकून झाल्या की बटण दाबायचं, चिठ्ठी बाहेर येते, ती गल्ल्यावर दिली की बिलातून पैसे वजा होतात. काही घ्यायचं नसलं तर रोख देतात. पण ती चिठ्ठी दुसऱ्या दुकानात चालत नाही. शनिवारी या मशीनपुढं रांग लागते. मोठ्या मोटारीतून उतरलेली माणसं मोठमोठ्या पिशव्या घेऊन उभी असतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. आत्ता चौकात नाताळचा बाजार भरलाय, तिथं गरम रसाच्या पेल्यालाही अनामत आहे. पेला परत केला की पैसे परत. (आई, मी लहान मुलांना देतात तो बिनदारूचा घेतला होता.)

मला कळत नाही ते पुढचंच. इथं नळाचं पाणी थेट प्यावं इतकं चांगलं असतं, तरीही बरीच माणसं बुडबुड्याचं पाणी विकत घेतात, त्याचे क्रेट जिने चढून घरी नेतात, आणि रिकाम्या बाटल्या परत वाहून आणतात. हॉटेलात साधं पाणी मागितलं तरी बहुतेक ठिकाणी बाटलीच येते आणि ती बिलात लागते. माझ्यासोबतच्या बायका म्हणतात, नळाच्या पाण्याला चव नसते. अण्णा, 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं तेव्हा मी तिथं होस्टेलवर होते. भांडी घासलेलं पाणी संडासात टाकायचो. तुम्ही गावाहून भेटायला आलात तेव्हा खाऊच्या ऐवजी पाण्याचा कॅन घेऊन आला होता. त्यामुळं नळ सोडला की मला अजून घाई होते, बंद करायची. मी नळाचंच पाणी पिते, तुम्ही दिलेल्या स्टीलच्या बाटलीतून. त्याला एक सेंटही पडत नाही.

आणि एक बघितलं ते सांगायचं होतं. काही म्हातारी माणसं संध्याकाळी स्टेशनजवळ टाकलेल्या बाटल्या गोळा करतात. पेन्शन पुरत नाही. आमच्या वॉर्डातल्या एखाद्या आजीच्याच वयाची एक बाई तिथं असते, केस विंचरलेले, कोट स्वच्छ. लोक रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे तिला आत हात घालावा लागू नये. श्रीमंत देशातसुद्धा म्हातारपण असं असतं. आपल्याकडं आजीला सकाळचा चहा हातात मिळतो, हे लई मोठं आहे आई. तू करतेस ते मी इथं पगार घेऊन करते.

सप्टेंबरात तेरणेचं पाणी रानात शिरलं तेव्हा मी इथं बसून नुसते व्हिडिओ बघत होते. सोयाबीन डोळ्यांदेखत गेलं आणि मला रजासुद्धा मागता आली नाही, कारण परीक्षा तोंडावर होती. उरलेलं मोंढ्यावर नेलं तर 5328 चा हमीभाव कागदावरच, हातात त्याहून कमी पडले, हे बारकीनं सांगितलं. तुम्ही सांगितलं नाही. दिवाळीला मी पाठवले ते कमी होते, मला माहीत आहे. त्या महिन्यात खोलीची अनामत भरायची होती. आता परीक्षा पास झाले आहे, मान्यतेचा कागद हातात आला की जानेवारीपासून पूर्ण नर्सचा पगार सुरू होईल. आतापर्यंत मदतनिसाचा होता.

म्हणून लग्नाबद्दल बोलते. थोरलीनं तोंड घातलं असं मामांना वाटलं तरी चालेल.

बारकीची सुपारी फुटली, घर चांगलं आहे, मुलगा चांगला आहे. मला मनापासून आनंद आहे. थोरलीचं आधी का नाही, असं गावात कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, मीच हो म्हणाले होते. पुढच्या वर्षी 17 मे पासून धोंड्याचा महिना आहे, म्हणून तारीख एप्रिलमध्येच धरायची हे बरोबर. पण लग्न झालं की महिनाभरात नव्या जावयाला धोंड्याला बोलवावं लागणार, अनारसे, कपडे, चांदीचं काहीतरी, म्हणजे एका खर्चाचा दम निघायच्या आत दुसरा येणार. तो आजच धरा. जावई घरी जेवायला येतो त्यात हात आखडू नका. पण हळदीचा डीजे, लग्नाआधीचं शूटिंग, रस्त्यावरचे बॅनर, पाहुण्यांचे फेटे, हे सगळं काढून टाका. मुलाच्या घरच्यांनी मागितलेलं नाही, आपणच लाजेखातर धरलंय. आणि टॉवेल-टोपी! आपल्या कपाटात किती पडून आहेत ते आईला विचारा. आपण त्यांना द्यायच्या, त्यांनी त्या पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायच्या, टोपी कुणाच्या डोक्यावर बसत नाही, आणि दर लग्नाला शे-दोनशे नव्या विकत येतातच. इथली बाटली फिरून आली की माणसाला पैसे मिळतात. आपली टोपी गावभर फिरते आणि दर घराचे पैसे जातात. पत्रिकेवरच छापा, "मानपान, आहेर नाही". एका घरानं सुरुवात केली की चारजण मनातून सुटल्यासारखे होतील. अण्णा, तुमचं गावात वजन आहे, तुम्ही केलं तर चालेल.

रान गहाण टाकायचं बोलणं मला बारकीकडून कळलं. ते करू नका, पाया पडते.

आई, सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या पुढं गेलं. माझ्या जर्मनच्या क्लासची फी भरायला तू पाटल्या मोडल्यास, त्या पैशात आता निम्म्याही होणार नाहीत. तू म्हणतेस, मला कुठं घालायच्यात. तू उघड्या हातानं मांडवात उभी राहणार, हे मला रोज आठवतं. एकदम नाही होणार, पण दर महिन्याला थोडं बाजूला काढायला लागलेय. याला वायफळ म्हणू नकोस.

मामांनी उदगीरचं स्थळ आणलंय ते समजलं. मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो पुण्यात, मी इथं, आणि लग्नानंतर नोकरी सोडायची अशी त्यांची अट आहे. एवढं शिकून, एवढी फी भरून मी ते करणार नाही. दोन वर्षं थांबा म्हणून सांगा. मामांना वाईट वाटू नये असं तुम्ही सांगाल, अण्णा.

बारकीच्या लग्नाला मी येणार. तुम्ही म्हणालात, तिकिटाचे पैसे लग्नाला लागतील, व्हिडिओवर बघ. तिकीट काल काढलं. बेकरीची कॉफी आणि मागवलेलं जेवण बंद केलं त्याचे पैसे त्यात गेलेत, तुमच्या वाट्याचे गेलेले नाहीत. हैदराबादला उतरेन, तिथून रात्रीच्या गाडीनं लातूर. न्यायला भाड्याची गाडी करू नका, मी एसटीनं औशाला येते.

या खेपेचे पैसे पाच तारखेपर्यंत अण्णांच्या खात्यात दिसतील. आधी सोसायटीचा हप्ता भरा. मग आजीच्या डोळ्यांची तारीख घ्या, लग्नापर्यंत ढकलू नका, मांडवात तिला सगळं नीट दिसलं पाहिजे. उरलेले मंडपवाल्याला इसार द्या आणि पावती घ्या. पावतीचा फोटो बारकीनं मला पाठवावा.

तुमची
थोरली

ता. क. बारकी, शूटिंगचं मी काढून टाकायला सांगितलं म्हणून रुसू नकोस. येताना माझ्या मैत्रिणीचा चांगला कॅमेरा आणते, आपण आपल्याच रानात फोटो काढू. शालू मात्र तुझ्या मनासारखा घे, त्याचे पैसे मी वेगळे पाठवते, अण्णांना सांगू नकोस. (आता वाचून दाखवलंसच, तर असू दे.)