ज्येष्ठांच्या संकुलाची जागा भर पावसात पाहा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या वडगाव-येळ्ळूर रस्त्यालगतच्या शिवारात ज्येष्ठ नागरिकांसाठी निवासी संकुल उभारण्याचा प्रस्ताव मंजुरीसाठी दाखल झाला असून त्यावर हरकती व सूचना मागवल्या आहेत. मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बरीच वर्षे हाडांच्या वॉर्डात म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्यात गेली, म्हणून हे पत्र.

संकुलाला माझा विरोध नाही. आमच्या भागात मुले पुण्याला नाहीतर बंगळूरला आणि घरात आज्जी-आजोबा दोघेच, अशी कितीतरी दारे आहेत. रात्री-अपरात्री बीपी बघायला ती मला हाक मारतात. त्यांना सोबतीची, वेळेवर जेवणाची, हाकेला ओ देणाऱ्या माणसाची गरज आहे. पण मंजुरी देणाऱ्यांनी हा प्रस्ताव नेहमीच्या अपार्टमेंटसारखा तपासून सही करू नये, एवढीच कळकळीची विनंती आहे.

जागेशेजारी ज्यांचे शेत आहे त्यांनी मला नकाशा दाखवला. बाग आहे, देऊळ आहे, पार्किंग ऐसपैस आहे. लिफ्ट मात्र चार माणसे उभी राहतील एवढीच. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाला खुर्चीत बसवून खाली आणता येत नाही, आडवेच आणावे लागते. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावले नाही तर चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरवणार कोण? बाथरूमची दारे आत उघडणारी दाखवली आहेत. आत पडलेल्या बाईच्या अंगालाच दार अडते, बाहेरून ढकलावे तर तिलाच इजा होते. ज्यांनी असे दार कधी सोडवले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. दारे बाहेर उघडणारी किंवा सरकती करायला फारसा जादा खर्च येत नाही, फक्त आत्ता नकाशावर करायला हवीत.

केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये अशा निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. विकासक, सेवा पुरवणारी संस्था आणि घर घेणारा या तिघांत करार असावा, असे त्यात सांगितले आहे. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. बांधकामात दोष निघाला तर रेरा या घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकाला तो दुरुस्त करून द्यावा लागतो. पण सहाव्या-सातव्या वर्षी नर्स ठेवायची कोणी, स्वयंपाकघर बंद पडले तर जबाबदार कोण? ही तत्त्वे आदर्श म्हणून दिलेली आहेत, आपोआप लागू होत नाहीत. तेव्हा इथल्या मंजुरीपत्रातच त्या अटी घातल्या पाहिजेत.

आता जागेबद्दल. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात कुठे पसरते हे शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांना विचारावे लागत नाही. भाताची लावण पाण्याखाली कुजताना त्यांनी पाहिली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या वस्त्यांतही पाणी शिरले होते. विकासक भराव टाकून आपली जागा उंच करील, पण रस्ता तर खालीच राहणार, आणि भरावाने अडलेले पाणी शेजारच्या शेतात जाणार. जिल्हा रुग्णालय रेल्वेमार्गाच्या पलीकडे आहे. जुलैतल्या रात्री छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन ॲम्ब्युलन्स त्या रस्त्याने निघाली तर काय, याचे उत्तर नकाशात नाही. ही जमीन पिढ्यान् पिढ्या बासमती पिकवणारी आहे, याचेही मला दुःख आहेच.

हरकतींची सूचना फक्त कन्नडमध्ये निघाली. मला कन्नड वाचता येते, त्या भाषेबद्दल आदरच आहे. पण ज्यांची शेते लागून आहेत त्यांतल्या अनेक वयस्कर मंडळींना ती वाचून घ्यावी लागली, आणि तोवर मुदतीचे दिवस निघून चालले. भाषिक अल्पसंख्याक मोठ्या संख्येने असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे १९५६ पासूनच्या केंद्राच्या निवेदनात आहे. शेतकरी बंधूंना सांगते, तुमचे गाऱ्हाणे मराठीत लिहून द्या. घटनेच्या कलम ३५० ने तो हक्क दिला आहे. पोच घ्यायला विसरू नका.

अधिकाऱ्यांनी मुदत वाढवावी, सूचना मराठीतही काढावी आणि स्थळपाहणी उन्हाळ्यात न उरकता पाऊस लागल्यावर करावी. त्या वेळी सोबत एक ॲम्ब्युलन्स घेऊन यावी आणि ती मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंत नेऊन दाखवावी. मी आणि शेजारचे शेतकरी तिथे हजर राहू.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
वडगाव, बेळगाव