बैलाचा मागचा पाय

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा पडलेला आवाज ऐकला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. वर्गात मोबाईल बॅगेत ठेवायला लावले, बैलगाडी काढायला सांगितली आणि तू दोन तास कोऱ्या कागदासमोर बसून राहिलास. "फोटो समोर असला की हुबेहूब काढतो बाबा, नसला की हातच चालत नाही. माझ्यात कल्पनाशक्तीच नाही," असं म्हणालास. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना मी इतकी वर्षं मुलं बसवली. त्यातला स्मरणचित्राचा पेपर तुला माहीतच आहे. त्या पेपरला बरीचशी मुलं एक चित्र पाठ करूनच यायची. दोन डोंगर, मधोमध उगवता सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि झोपडीला लागून नारळाचं झाड. आपल्या माणदेशात! शाळेच्या दारात बाभूळ होती, कडुलिंब होता, ते कुणाच्या कागदावर यायचे नाहीत. नारळ यायचा, कारण तो कुणाच्या तरी चित्रातून उचललेला असायचा. समोर काही न ठेवता काढलं म्हणजे ते मनातलं झालं, असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो. मार्क मिळत होते, म्हणून कुणाला हटकलं नाही. तुलाही नाही. याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता तुझ्या बैलाकडे येतो. तू बैलांच्या संगतीत वाढलास, बेंदराला आजीच्या मांडीला मांडी लावून मातीचे बैल केलेस. तरी मागचा पाय कुठं वाकतो ते तुला आठवेना. आठवणार कसं? बैल तू पाहिलास, पण त्याला कधी प्रश्न विचारला नाहीस. मागच्या पायाच्या मध्यावर जो सांधा मागे टोक काढून असतो, त्याला आपण गुडघा समजतो. तो गुडघा नाही, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला कातडीखाली असतो. बैल चालतो बोटांच्या टोकांवर, आणि दुभंगलेला खूर म्हणजे त्याच्या दोन बोटांची नखं. पुढच्या पायाचा 'गुडघा' म्हणजे आपलं मनगट. तू चवड्यावर उभा राहा, टाच उचल, गुडघा किंचित वाकव आणि स्वतःच्या पायाला हात लावून बघ. एवढं एकदा अंगात उतरलं की कुत्रा, घोडा, शेळी, सगळ्यांचे मागचे पाय कळतात. फोटोवरून शंभर बैल उतरवलेस तरी हे कळेलच असं नाही, कारण तेव्हा डोळा फक्त कडेवरून फिरतो.

पॅरिसमध्ये ओरास लकॉक द ब्वाबोद्रां नावाचे एक चित्रकला शिक्षक होते. स्मरणातून चित्र काढण्याच्या तालमीवर त्यांनी 1848 साली पुस्तिका लिहिली. ते मुलांना आधी अगदी साध्या आकारांवर घोटून घ्यायचे, मग हळूहळू अवघडाकडे न्यायचे. पुढे त्यांची मुलं लूव्र संग्रहालयात जाऊन चित्र बघायची आणि परत येऊन मनातून काढायची. शिल्पकार रोदँ त्यांचाच विद्यार्थी. तूही तेच कर. वस्तू पाच मिनिटं बघ, पेन्सिल हातात न घेता. मग दुसऱ्या खोलीत जाऊन काढ. परत येऊन ताडून बघ आणि चुकलं तिथं लाल पेन्सिलीनं त्याच चित्रावर दुरुस्त कर. खोडरबर वापरू नकोस. लाल रेघ दिसली पाहिजे, कारण पुढच्या वेळी डोळा नेमका तिथंच जाईल. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू पुन्हा, पण या खेपेला दुसऱ्या बाजूनं दिसेल तशी. त्यासाठी तिच्या आतले डबे आणि नळकांडी शोधावी लागतील. बैलाची छाती म्हणजे एक पिंप, मान म्हणजे निमुळती नळी. पिंप फिरवता आलं की बैल फिरवता येतो.

डोळे मिटले की काहीच दिसत नाही, फक्त अंधार, असंही तू म्हणालास. ते ऐकून मी थबकलो. अरे, हे तुझ्या एकट्याचं नाही. 2015 मध्ये अ‍ॅडम झेमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला अफँटेझिया हे नाव दिलं. डिस्नेमध्ये आयुष्य घालवलेले अ‍ॅनिमेटर ग्लेन कीन यांनाही मिटल्या डोळ्यांपुढे चित्र दिसत नाही. ते कागदावर रेघोट्या मारत मारत आकृती शोधून काढतात. तेव्हा ही सबब मनातून काढून टाक. तुझ्या डोक्यात पडदा नसेल, पण हात आहे, आणि टाच कुठं असते हे आता तुला ठाऊक आहे.

आणि फोटो वापरणं म्हणजे चोरी, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. ज्या कोरियन चित्रकार किम जुंग गीचे व्हिडिओ बघून तू हरखायचास, तो कच्चं रेखाटन न करता थेट शाईनं भिंत भरायचा. ते सगळं आधी वर्षानुवर्षं बघून, काढून हातात मुरलेलं होतं. फक्त क्रम बदल. आधी मनातून काढ, अडलास की फोटो उघड, अडलेलं तेवढं बघ आणि बंद कर.

तुझी शाळेची सायकल अजून जिन्याखाली आहे. पाच वर्षं रोज चालवलीस. ती न बघता काढ. साखळी कुठून कुठं जाते, दांडे कुठं जुळतात, सगळं. फोटो मागवू नकोस, मीही पाठवणार नाही. चित्र तेवढं रविवारपर्यंत धाड. मी कंदील घेऊन जिन्याखाली बसतो, ताडून बघतो आणि लाल पेन्सिलीनं खुणा करून परत पाठवतो.

तुझे,
बाबा