अक्षता पडल्या तेव्हा

नाशिक,
८ डिसेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा "बरं, ठेवतो" म्हणाले आणि ठेवलाच, म्हणून हे पत्र. आईला सध्या अक्षरं धुरकट दिसतात, तेव्हा बाबा, तुम्हालाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार. नको त्या ओळी गाळू नका.

"सख्ख्या काकाच्या पोराच्या अक्षता पडताहेत आणि ही बया गाडीत बसून इंग्रजी झाडतेय." हे तुम्ही मला नाही, आत्याला म्हणालात, पण आत्याला म्हटलेलं कुठं राहतं का? बोचलं. खोटं नव्हतं म्हणून जास्तच.

आता माझी बाजू ऐका. पत्रिकेवर मुहूर्त होता १२ वाजून ३१ मिनिटांचा. माझा जर्मनीचा कॉल दीडचा. मी मनात हिशेब केला, आपल्याकडचा उशीर धरूनही एक तास हातात आहे. १२.३१ ला मी लॉनच्या गेटवर हजर. योगेश अजून मारुतीच्या देवळापुढं डीजेसमोर घोड्यावर. एक वाजता तो मांडवात आला, तर एका पुढाऱ्यांची गाडी "चौफुलीवर आलीये" म्हणून थांबलो. ती आली, मग टोपी-उपरणं, सत्कार, दोन शब्द. १.२८ ला मी मूठभर अक्षता घेऊन पार्किंगला पळाले. १.४१ ला लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली, आणि समोरच्या जर्मन बाईंनी विचारलं, "मागे काही समारंभ आहे का?" शुभमंगल सावधान त्यांच्या ऑफिसपर्यंत ऐकू गेलं. मुठीतले तांदूळ घामानं तळहाताला चिकटलेले, लॅपटॉपच्या बटणांवर कुंकू. अजून दोन दाणे एन्टरच्या खाली अडकलेत, ते बटण दाबलं की करकरतं.

बाबा, माझ्या कामाची खरी अडचण इंग्रजीची नाही, वेळेची आहे. जपान आपल्यापुढं साडेतीन तास. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागं, उन्हाळ्यात साडेतीन, कारण मार्च नि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळाचे काटेच सरकवतात. ब्राझीलचं साओ पावलो साडेआठ तास मागं. म्हणजे सकाळी सातला जपान, दुपारी जर्मनी, दिवेलागणीला ब्राझील. तासांचा फरक कागदावर मांडता येतो. पण "वेळ" म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोक्यात काय येतं, ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. ते मी चुका करकरून शिकले.

सगळ्यात मोठी चूक अंबडच्या या कंपनीत लागल्यावर पहिल्याच वर्षी केली. तुम्हाला कधी सांगितली नाही. गिऱ्हाईक कंपनीचा एक इंजिनिअर ऑडिटला आला होता. मी नुकताच जर्मनचा पहिला कोर्स केलेला, तेव्हा हौसेनं त्याच्याच भाषेत विचारलं, उद्या गाडी किती वाजता पाठवू? तो म्हणाला, "हाल्ब आख्ट." आख्ट म्हणजे आठ, हाल्ब म्हणजे अर्धा. मी लावलं साडेआठ आणि ड्रायव्हरलाही तसंच सांगितलं. हा गडी मुंबई नाक्याच्या हॉटेलात साडेसातपासून बूट घालून, बॅग मांडीवर घेऊन बसलेला. कारण हाल्ब आख्ट म्हणजे आठवा तास अर्धा झालेला, साडेसात! एक तासात त्यानं फोन केला नाही. नंतर विचारलं तर म्हणे, वेळ ठरलेली होती, फोन कशाला करायचा? दिवसभर एक शब्द बोलला नाही. चारच्या चहाला एवढंच म्हणाला की यापुढं वेळ आकड्यात लिहीत जाऊ.

त्या रात्री लाजेनं झोप लागली नाही. पण पुढं एक गंमत कळली. आपलं "अडीच" आलंय "अर्धतृतीय"वरून, म्हणजे तिसरा अर्धा. आणि सप्ताहातल्या कीर्तनात महाराज "औट हाताचा देह" म्हणतात ना, तो औट म्हणजे साडेतीन, "अर्धचतुर्थ", चौथा अर्धा. म्हणजे आपणही एकेकाळी जर्मनांसारखेच मोजायचो. पुढं आपल्याकडं सगळीकडं "साडे" घुसलं, दीड नि अडीच तेवढे तग धरून राहिले. हे मी त्या इंजिनिअरला पुढच्या खेपेला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

आणि जर्मन म्हणजे मिनिटाचे गुलाम, असं समजू नका. त्यांच्या विद्यापीठांत वेळापत्रकावर दहा लिहिलेलं असतं आणि तास सव्वादहाला सुरू होतो, ती जुनी पद्धत आहे. फक्त तो उशीरसुद्धा ठरलेला असतो. वेळेपुढं दोन अक्षरं छापलेली असतात, त्यावरून कळतं पंधरा मिनिटं धरायची की नाही. आपल्या पत्रिकेवर अशी दोन अक्षरं छापली असती तर मी दीडचा कॉल तीनला नेला असता.

जपान्यांचं आणखी वेगळं. २०१७ साली तिथली एक लोकल २० सेकंद लवकर सुटली. उशिरा नाही, लवकर. कोणी तक्रार केली नव्हती, तरी कंपनीनं जाहीर माफी मागितली. अशा लोकांशी व्यवहार करायचा म्हणून आमचे साहेब पहिल्या मीटिंगला सगळं तयार ठेवून बसले: किंमत, तारीख, सही करायला पेन. मीटिंग मिनिटावर सुरू झाली, मिनिटावर संपली, आणि उत्तर आलं चार महिन्यांनी. साहेब म्हणायचे, ह्यांना वीस सेकंदांची किंमत आणि माझ्या चार महिन्यांची नाही?

याला त्यांच्याकडं "नेमावाशी" म्हणतात. बाबा, हा शब्द तुम्हाला आवडेल, तो बागायतीतला आहे. मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडं न्यायचं तर आधी भोवतीनं खणून मुळं तयार करून घेतात, मग हलवतात. तसं प्रत्येक खात्यातल्या माणसाला आधी जाऊन भेटायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, मग मीटिंगला नुसतं होकाराचं शिक्कामोर्तब. वेळ लागतो. पण एकदा हो म्हटल्यावर ड्रॉइंगमधली एक रेघ बदलली नाही. आमच्याकडं उलट: "होऊन जाईल सर" दोन मिनिटांत, आणि मग चार महिने फोनाफोनी.

हे लोक जन्मतःच असे होते असंही नाही. १८५७ च्या सुमारास नागासाकीला शिकवायला गेलेल्या एका डच नौदल अधिकाऱ्यानं जपान्यांच्या संथपणाला वैतागून लिहून ठेवलंय. १८७३ पर्यंत त्यांच्याकडं उजाडल्यापासून मावळेपर्यंत दिवसाचे सहा भाग करायचे, म्हणजे उन्हाळ्यात तास लांब नि हिवाळ्यात आखूड. त्याच सुमारास रेल्वे आली, मग कारखाने आले, शाळेची घंटा आली. १९२० पासून १० जून हा चक्क "वेळेचा दिवस" म्हणून पाळतात. त्यामुळं "आपल्या रक्तातच नाही" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. रक्तात कोणाच्याच नसतं.

ब्राझीलवाल्यांबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही त्यांना प्रत्यक्ष भेटलात तर दोन दिवसांत सोयरीक जमवाल. कॉलचा पहिला अर्धा तास आईची तब्येत, फुटबॉल, पाऊस. रॉबर्ट लिव्हाइन नावाचे अमेरिकन प्राध्यापक १९७६ मध्ये तिकडं शिकवायला गेले. दहाच्या तासाला मुलं उशिरापर्यंत हसत हसत येत राहिली. पण बारा वाजले तरी उठेनात, प्रश्नच विचारत बसली. तिथं उशिरा येण्याला नाही, लवकर उठून जाण्याला तुटकपणा समजत असावेत. ऐकल्यासारखं वाटलं ना? मी मांडवातून उठले तेव्हा आत्याच्या तोंडावर हेच होतं.

एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं याचे दोन गट पाडलेत: एका वेळी एकच काम हातात घेणारे, आणि एका वेळी दहा गोष्टी नि दहा माणसं सांभाळणारे. आई दुसऱ्या गटातली, हे सांगायला नको. दूध तापतंय, खांद्यावर फोन, दारात शेजारीण, नि माझी वेणी. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हा भारतीयांना सरसकट त्या गटात टाकतात. तिथं मी हात वर करून म्हणाले, माझ्या बाबांना कुठं टाकाल?

कारण बाबा, तुम्ही आयुष्यात एका लग्नाला वेळेवर गेला नाहीत, पण द्राक्षबागेची एक तारीख चुकवली नाहीत. तुमच्या डायरीत महिना-वार नसतोच, नुसतं "५२ वा दिवस". छाटणीनंतर कितव्या दिवशी विरळणी, कितव्या दिवशी घड त्या मणी फुगवणाऱ्या जीएच्या द्रावणात बुडवायचे, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी बंद. एक दिवस चुकला तर फळात औषधाचा अंश, म्हणजे रेसिड्यू, जास्त निघेल नि युरोपचा कंटेनर हुकेल, हे तुम्हाला तोंडपाठ. पेठ-सुरगाण्याची मजुरांची टोळी सातला आली नाही की बांधावर तुमच्या फेऱ्या सुरू. तेव्हा तुमच्यापुढं जर्मन काय करील? ताटकळलेला माणूस तुमच्याकडं रागवत नाही, घड मात्र थांबत नाही. माझ्याकडं कॉल थांबत नाही. एवढाच फरक, असं मी स्वतःला समजावत होते.

पण काल रात्री त्या १२.३१ चा विचार करत बसले. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, मिर्झापूरकडचं. नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळं आपल्याकडं सूर्य माथ्यावर यायला सरासरी १२.३५ होतात. सूर्य माथ्यावर यायच्या आधीची २४ आणि नंतरची २४ मिनिटं म्हणजे अभिजित मुहूर्त. म्हणजे गुरुजींनी आकडा हवेतून काढला नव्हता. नाशिकचाच सूर्य धरून काढला होता. तुम्ही सांगता ना, तुमच्या आजोळी लग्नात पाण्यावर भोकाची वाटी सोडायचे, ती भरून बुडाली की घटका झाली, आणि जोशी तिच्याकडं डोळे लावून बसायचा, तोवर कोणी हलायचं नाही. तेव्हा "सावधान" हा शब्द खरंच कोणालातरी उद्देशून असेल. आता आपण मिनिटापर्यंत मुहूर्त छापतो आणि पुढाऱ्याच्या गाडीला बांधतो. माझ्या मते यात जर्मनांचा काही दोष नाही.

माझा मात्र आहे. कॉल अर्धा तास पुढं ढकला, घरी लग्न आहे, एवढी एक ओळ आदल्या दिवशी पाठवली असती तर त्या बाईंनी नक्की ऐकलं असतं; ऐन वेळी सांगितलेलं त्यांना चालत नाही, आधी सांगितलेलं सगळं चालतं. मी पाठवली नाही. "लग्न आहे" हे कारण त्यांना गावठी वाटेल, अशी मला लाज वाटली. योगेशला नि वहिनीला रविवारी जेवायला बोलावलंय, तेव्हा त्याच्यापाशी कबूल करीनच.

आता आईच्या डोळ्यांचं. बुधवारी मोतीबिंदूची तपासणी आहे. फोनवर मी तुम्हाला वेळ साडेदहाची सांगितली. ती खोटी आहे. खरी साडेअकराची. तुम्ही दहाला घरातून निघाल, पिंपळगावला कोणी भेटेल, द्वारका चौकात गाडी अडकेल, असं धरून मी नेहमीच तासभर आधीची सांगते, आणि दादाही सांगतो. मला वाटतं तुम्हालाही हे माहीत आहे, म्हणूनच तुम्ही आणखी एक तास उशिरा निघता. यावेळी खरी लिहिली आहे. येताना आईचे जुने चष्म्याचे नंबर आणि शुगरचे रिपोर्ट आठवणीनं आणा, आणि सकाळच्या गोळ्या चुकवू नका.

तुमची,
माई