स्लो कुकर शिकवणाऱ्या काकूंना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकू,

सविनय नमस्कार.

समोर बसून आभार मानू लागले की तुम्ही "त्यात काय एवढे" म्हणून विषय मिटवता आणि चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते जाहीर लिहिण्याचे कारण असे की, परदेशात दोघांनीही नोकरी करून घरचे अन्न रोज ताटात पडावे म्हणून धडपडणारी मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि तुम्ही मला जे शिकवलेत ते त्या सर्वांच्या उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

आमची अडचण तुम्ही जवळून पाहिली होती. सकाळी सातला घर सोडायचे, दिवेलागणीला परतायचे, मुलांना तेव्हाच भूक लागलेली असायची आणि सासऱ्यांच्या रक्तदाबामुळे त्यांच्या जेवणातले मीठ मोजूनमापून घालावे लागायचे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर तयार भाज्यांची पाकिटे आणि डबाबंद राजमा-छोले हवे तेवढे मिळतात, पण त्यांत मीठ किती असावे हे आपल्या हाती नसते. तुम्ही मला उपदेश केला नाहीत. एका शनिवारी सकाळी तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात बोलावलेत आणि ओट्याच्या कोपऱ्यातला तो केशरी रंगाचा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास अन्न शिजवणारे विजेचे भांडे, पुढे ओढलात. त्याचे आतले मातीचे भांडे बाहेर निघत नाही, त्यामुळे वायरीला पाणी लागू न देता तो कसा धुवायचा, हेसुद्धा तुम्ही त्याच वेळी करून दाखवलेत. इतकी वर्षे वापरूनही त्या भांड्याच्या चकाकीवर कुठे ओरखडा दिसत नव्हता.

त्या यंत्रामागची हकिगत तुम्हीच मला सांगितलीत. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना या जातीच्या भांड्याचे पेटंट 1940 मध्ये मिळाले. त्यांच्या आईने त्यांना लिथुआनियातल्या ज्यू घरांतली पद्धत सांगितली होती. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी कडधान्य आणि मांस घातलेल्या चोलंटचे भांडे गावातल्या बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी ते शिजलेले काढून आणायचे. पुढे रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि 1971 मध्ये हे भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. हे सांगून झाल्यावर तुम्ही माहेरच्या चुलीच्या वैलाविषयी बोललात. मुख्य चुलीवर भाकरी होत असताना वैलावर दूध आणि कडधान्य उरलेल्या धगीवर तासन्‌तास कसे निवांत शिजत असे, ते ऐकल्यावर या परक्या उपकरणाविषयीचा माझा सगळा परकेपणा गेला.

तुमचा सर्वांत मोठा उपकार हा की, तुम्ही मला पाककृतींच्या आधी क्रम शिकवलात. आपल्या स्वयंपाकाची सुरुवात फोडणीने होते, तर या भांड्यात फोडणी शेवटी घालावी लागते. आतले पाणी फार तर उकळीच्या आसपास पोहोचते, त्यामुळे कांदा लालसर होणे, खोबरे खमंग भाजले जाणे, मोहरी तडतडणे यांतले काहीही त्याच्या आत घडत नाही. ते सगळे बाहेर, कढईत करूनच घालायला हवे. 'लो' आणि 'हाय' या दोन बटणांमधला फरकही मुख्यतः त्या उष्णतेला पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा आहे, हे तुम्ही समजावलेत तेव्हा वेळेचे गणित मला एकदम उमगले. झाकणाला धरलेली वाफ पुन्हा आतच ठिबकते, म्हणून पातेल्यात जितके पाणी घालतो तितके इथे घालायचे नाही. सारखे झाकण उघडून पाहायचे नाही, कारण प्रत्येक वेळी साठलेली उष्णता निघून जाते आणि शिजणे जवळजवळ अर्ध्या तासाने लांबते. आमसूल, चिंच, टोमॅटो यांपैकी जे काही आंबट असेल ते कडधान्य मऊ झाल्यावरच घालायचे, कारण आंबटामुळे दाणा लवकर शिजत नाही. दही आणि नारळाचे दूध तर अगदी शेवटी, नाहीतर ते फुटते.

तुम्ही या भांड्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्यात, त्यासाठी मी तुमची विशेष ऋणी आहे. तुरीचे वरण कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत होते, त्याला दिवसभर बसवून ठेवण्यात अर्थ नाही, असे तुम्ही ठामपणे म्हणालात. भाताचेही तेच. बासुंदीला तर दूध आटावे लागते आणि झाकलेल्या भांड्यात ते आटत नाही. राजम्याच्या बाबतीत तुमचा आवाज करडा झाला होता. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो आणि मंद आचेवर तो नष्ट होईलच असे नाही. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचे, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा आणि मगच या भांड्यात घालायचा. ही गोष्ट तुम्ही माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलीत. आज कोणीही मला स्लो कुकरविषयी विचारले की मी सर्वांत आधी हेच सांगते.

आता मटणाविषयी लिहायलाच हवे, कारण आमच्या घरी तुमचे नाव सर्वांत जास्त वेळा त्या दिवशी निघते. बोकडाच्या खांद्याचे हाडासकट मटण साधारण एक किलो घ्यायचे, त्याला हळद, आले-लसूण आणि थोडे मीठ चोळून रात्री फ्रिजमध्ये ठेवायचे. कांदा आणि सुके खोबरे रविवारीच भाजून, वाटून, त्याचे लहान डबे फ्रीझरमध्ये ठेवलेले असतात. त्यातला एक डबा आदल्या रात्री खाली काढायचा. सकाळी बटाट्याच्या मोठ्या फोडी तळाशी घालायच्या, कारण तळाला आणि कडेला आच जास्त असते आणि या भांड्यात बटाटा मटणापेक्षाही सावकाश शिजतो. त्यावर मटण, वाटण आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी. गोठलेले मटण थेट घालायचे नाही, कारण ते जंतू वाढतील अशा धोक्याच्या उष्णतेत फार वेळ रेंगाळते, हेही तुमचेच बजावणे. आठ तास 'लो'वर ठेवले की हाडाजवळचे चिवट पडदे विरघळून रश्शाला आपोआप दाटपणा येतो आणि मांस चमच्याने सुटते. संध्याकाळी घरी आल्यावर लोखंडी पळीत तेल तापवायचे, आच बंद करून त्यात लाल तिखट आणि कांदा-लसूण मसाला घालायचा आणि ती तर्री रश्शावर ओतायची. तो चर्रर आवाज झाला की मुले न बोलावता ताटे घेऊन येतात. सासऱ्यांच्या वाटीतला रस्सा तर्री घालण्यापूर्वीच वेगळा काढलेला असतो. त्यात मीठ किती आहे ते मला चमच्याच्या मापाने ठाऊक असते, आणि त्यांना वेगळ्या पातेल्यातले आजाऱ्याचे जेवण जेवावे लागत नाही. काकू, या एका गोष्टीसाठी मी तुमचे कितीही आभार मानले तरी ते अपुरेच पडतील.

खपली गव्हाची खीर हा तुमचा दुसरा ठेवा. रात्रभर भिजवून जाडसर भरडलेला गहू, त्याच्या पाचपट पाणी, चिमूटभर मीठ. निजताना चालू केले की सकाळपर्यंत दाणा फुलतो, पण त्याचा पीठगोळा होत नाही. मग बारीक चिरलेला गूळ, आणि भांडे बंद केल्यावर नारळाचे घट्ट दूध, वेलची व जायफळ. गेल्या दिवाळीला पाडव्याच्या सकाळी ही खीर मी केली, तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या आईच्या हातच्या खिरीची आठवण काढली आणि पुन्हा वाटी पुढे केली.

तुम्ही मला दिलेली ती वही अजून ओट्याजवळच्या खणात आहे. प्रत्येक पदार्थासमोर तुम्ही कप आणि वाटी अशी दोन्ही मापे लिहिली आहेत, आणि भांडे निम्म्याहून कमी किंवा दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नये, उरलेले अन्न उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे, ते परत याच भांड्यात गरम करू नये, अशा सूचना तांबड्या शाईने समासात आहेत. इतकी वर्षे निरखून जमवलेले ज्ञान तुम्ही एका शेजारणीसाठी हाताने उतरवून काढलेत, तेही गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर विश्रांती घ्यायच्या दिवसांत.

आमच्या भागात यंदा काही नवी मराठी कुटुंबे राहायला आली आहेत. त्यांतल्या दोघीजणी परिचारिका आहेत आणि त्यांच्या पाळ्या बदलत्या असतात. तुमची परवानगी असेल तर त्या वहीच्या प्रती काढून मी त्यांना द्याव्यात म्हणते. वालाच्या बिरड्याच्या पानावर तुम्ही "पुढे लिहीन" असे लिहून जागा सोडली आहे. सोललेले वाल आख्खे राहून मऊ व्हावेत यासाठी किती वेळ ठेवायचे, तेवढे सांगितलेत तर प्रती काढण्यापूर्वी ते पान पूर्ण करता येईल. मी रविवारी वही घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
पलीकडच्या गल्लीतली तुमची शेजारीण