मालवणच्या स्नॉर्केलिंगवाल्या दादांना, आईकडून आणि माझ्याकडून

दादा, नमस्कार.

नाशिकच्या काकी आठवतात का, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बाकीचे सगळे स्नॉर्केलिंगला (मास्क आणि नळी लावून, तरंगत पाण्याखालचं बघायला) उतरले तरी होडीच्या फळीला घट्ट धरून "मी इथेच बरी आहे, तुम्ही जा" एवढंच म्हणत होत्या त्या? त्यांची मी मुलगी.

निघताना थँक्यू म्हणून झालं होतं पण ते घाईघाईत, ओल्या कपड्यात, आणि आई तेव्हापासून माझ्या मागे लागलीये की त्या मुलासाठी नीट काहीतरी लिही, चार लोक वाचतील असं लिही. तुमचं नाव घालत नाहीये कारण तुम्हीच म्हणाला होतात की नावबिव नको ताई, येणारी माणसं पाण्यात नीट वागली तरी आमका खूप. म्हणून नाव सोडून बाकी सगळं लिहिते.

आधी आईबद्दल थोडं सांगते, कारण तुम्ही त्या सकाळी किती मोठं काम केलंत ते तुम्हालाही कदाचित माहीत नसेल. तिचं माहेर जुन्या नाशकातलं, सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, गंगेपासून दोन गल्ल्या सोडून (आम्ही नाशिकवाले गोदावरीला गंगाच म्हणतो). वरती गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पहिलं पाणी ह्याच भागात शिरतं. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे, त्याच्या कुठपर्यंत पाणी चढलं त्यावरून आमच्याकडे पुराचा अंदाज बांधतात, गुडघ्यापर्यंत असेल तर सामान माळ्यावर टाकायचं, छातीच्या वर गेलं की घर सोडायचं, असं आईच्या लहानपणी त्यांच्या घरात ठरलेलं होतं. २०१६ ला आणि २०१९ ला तो मारुती पार बुडाला तेव्हा ती टीव्हीसमोरून हलली नव्हती. तिच्यासाठी खोल पाणी म्हणजे गढूळ, ओढणारं, माणसाच्या घरातली भांडीकुंडी घेऊन जाणारं पाणी. रामकुंडावर ती पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेते, डोकं कधीच पाण्याखाली घालत नाही.

त्यात आणखी एक झालं होतं जे मी तुम्हाला होडीत नीट सांगितलं नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी (कुठे आणि कोणाकडे ते लिहीत नाही) आम्ही असंच पैसे भरून उतरलो होतो, तिथल्या माणसाने आईला काही न सांगता तोंडात नळी दिली, मानेला धरून खाली दाबलं, व्हिडिओ काढला आणि पाच मिनिटात वर, नेक्स्ट. आईच्या नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि ती दिवसभर कोणाशी बोलली नाही. त्यामुळे ह्या वेळी ती होडीत आली हेच माझ्यासाठी खूप होतं, ती उतरेल अशी मी अपेक्षाच ठेवली नव्हती.

आणि तुम्ही काय केलंत, तर तुम्ही तिला उतरा म्हणालातच नाही. आमच्या बॅचला तुमच्या जोडीदाराबरोबर पाठवलंत, एक निळी बादली घेतलीत, समुद्राचं पाणी भरून तिच्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात काकी, समुद्र राहूद्या बाजूला, ह्या बादलीत बघूया. मी शिडीला धरून पाण्यातून हे सगळं बघत होते. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून विसळायची म्हणजे वाफ धरत नाही, हे ऐकून आईने तोंड वाकडं केलं पण केलं तिने. मग तुम्ही तिच्या कपाळावरचे केस बोटांनी मागे सारलेत, कारण एक केस जरी मास्कच्या रबराखाली राहिला तरी तिथून पाणी झिरपतं, आणि पट्टा आवळायला निघालेल्या तिच्या हाताला थांबवून सांगितलंत की जास्त आवळलं तर उलट जास्त गळतं, तो हलकाच ठेवायचा, पाणी स्वतःच दाबून धरतं त्याला. मग नळी. दातात नुसती धरायची, चावायची नाही. नाक आता मास्कच्या आत बंद, श्वास फक्त तोंडाने, आणि नळीत पाणी आलंच तर जोरात "टू" म्हणायचं की ते वरून उडून जातं.

दादा, माझी आई त्या बादलीत तोंड घालून श्वास घेत होती आणि तुम्ही शेजारी बसून तिच्याबरोबर श्वास मोजत होतात. पहिल्यांदा ती लगेच वर आली, परत गेली, परत वर आली, तुम्ही प्रत्येक वेळी बरा बरा एवढंच म्हणत होतात. मग कधीतरी ती खालीच राहिली आणि नळीतून तिच्या श्वासाचा आवाज हळूहळू संथ होत गेला. बॅचमधल्या एकाने तेव्हा ओरडून विचारलं की आमचा टाइम ह्यांच्यात जातोय का, तर तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत, तुमचा टाइम तुमच्या गाईडकडे हा, ह्यो काकींचो टाइम. मला तिथेच रडू आलं होतं.

त्यानंतर शिडी, मग ती लाल रिंग, आणि तुमचं ते "काय होऊचा नाय काकी, मी आसंय". आई आता घरी कोणी कशाला घाबरलं की हेच म्हणते, अगदी तुमच्या हेलात.

किती वेळ गेला मला माहीत नाही, मी पण शेजारीच रिंग धरून तरंगत होते. पाणी दोन पुरुष खोल असेल, खाली हिरवट उजेड. तुम्ही बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगितलं होतंत की हे अंदमान नाही, इथे कर्ली नदीचा आणि खाड्यांचा गाळ येतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात साफ असतं तरी काचेसारखं मिळेल असं समजू नका. हे सांगणारे फार कमी भेटतात, बाकीच्यांच्या बॅनरवर कुठल्या कुठल्या देशातले फोटो असतात. आणि खरं सांगते, आम्हाला जे दिसलं ते भरपूर होतं. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे थव्याने आईच्या हाताखालून जात होते आणि तिने हात हलवलाच नाही, तुम्ही सांगितलं होतंत तसाच रिंगवर ठेवला. मग तुम्ही खाली सूर मारून एका गोल खडकाशेजारी थांबलात आणि बोटाने दाखवलंत, हात न लावता, अगदी वीतभर लांबून. मला तो आधी दगडच वाटला. जवळ गेल्यावर दिसलं की त्याच्या अंगावरून बारीक बारीक तपकिरी दांडे बाहेर आलेत, प्रत्येकाच्या टोकाला हातांचं कडं, आणि पाणी हललं की सगळे एकाच दिशेला वाकतायत. होडीत आल्यावर तुम्ही सांगितलंत की त्यातला प्रत्येक दांडा हा वेगळा जीव, त्याला तोंड आहे, पोट आहे, आणि सगळे मिळून खालचं ते चुन्याचं घर बांधतात. बरेचसे प्रवाळ रात्री तोंड उघडतात पण ही जात दिवसाही हात बाहेर काढून बसते म्हणून तुम्ही मुद्दाम तिकडे नेलंत आम्हाला.

त्याच्या पलीकडे जे परातीएवढं गोल प्रवाळ होतं त्याच्याबद्दल आईने विचारलं की हे किती जुनं, तर तुम्ही म्हणालात ही जात वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढते, आता तुम्हीच हिशोब करा. आईने केला. मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, म्हणजे ह्याच्यावर कोणी पाय दिला तर माझ्या लेकीच्या वयाची गोष्ट गेली की रे.

म्हणूनच तुम्ही उतरायच्या आधी सगळ्यांना जे बजावत होतात ते नंतर कळलं. खाली उभं राहायचं नाही, दमलात तर पाठीवर व्हा किंवा रिंग धरा पण पाय टेकवू नका. फिन (पायात घालायचे ते रबरी पंख) हळू मारा, गाळ उडाला तर तो प्रवाळांच्याच तोंडावर बसतो. होडीसुद्धा तुम्ही बोयाला, म्हणजे तिथे कायम तरंगत ठेवलेल्या पिंपाला बांधलीत, नांगर टाकला नाहीत. आणि तो एक मुलगा खालून पांढरा तुकडा उचलून घेऊन आला होता, सोवेनिअर म्हणून, त्याच्यावर न चिडता तुम्ही तो हातात घेतलात, त्याला त्यावरची भोकं दाखवलीत की हे सगळे ह्यांचे खण, आणि सांगितलंत की असलं प्रवाळ वाघाच्या बरोबरीने पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, मेलेला तुकडा जरी घरी नेला तरी वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. त्यानेच मग तो परत पाण्यात सोडला. ब्रेडचंही तसंच. शेजारच्या होडीतून ब्रेड टाकत होते, तिकडे मासे नुसते उसळत होते, आणि आमच्यातले दोघं तिघं म्हणत होते की आपणपण टाकूया ना, व्हिडिओ भारी येईल. तुम्ही नाही म्हणालात. मासे प्रवाळावर माजणारं शेवाळ खातात, ब्रेडची सवय लागली की ते काम सोडून होड्यांच्या मागे फिरतात. व्हिडिओ आमचा साधाच आला आणि मला तोच आवडतो.

एक गोष्ट आईच्या वतीने. तिच्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे, सराफ बाजारातूनच केलेली, आणि पाण्यातून वर आल्या आल्या तिने काळजीने विचारलं होतं की ही पण इथूनच तोडून आणतात का. तुम्ही सांगितलंत की ते लाल पोवळं वेगळं, ते मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, खोल अंधाऱ्या पाण्यातलं, आपल्याकडच्या ह्या प्रवाळाशी त्याचा संबंध नाही. पण तेही जिवंतच असतं ना, असं तिने परत विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात. तुम्ही गोड बोलून वेळ मारून नेली नाहीत हे तिला फार भावलं. अंगठी अजून बोटात आहे पण नवीन पोवळं घ्यायचं नाही असं तिने ठरवलंय, भाचीच्या लग्नात द्यायचं होतं ते रद्द करून मोती घेतला.

परत येताना तुम्ही पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांबद्दल बोललात ते मी विसरू शकत नाही. ह्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच ह्यांना खायला घालतं आणि रंगही त्याचाच, पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशाने जरी तापलेलं राहिलं तरी ते शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि खालचं पांढरं दिसायला लागतं. लगेच मेलेलं नसतं, पाणी वेळेत निवलं तर परत रंग धरतं, नाही निवलं तर गेलं. तुम्ही म्हणालात की तुमचे बाबा रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जायचे आणि ते कधी खाली बघायला उतरले नाहीत, तुम्ही तारकर्लीला डायव्हिंग शिकलात तेव्हा पहिल्यांदा बघितलंत की आपण ज्याच्या वरून होड्या नेतो ते काय आहे. आणि ओळखीची एक एक जागा पांढरी पडताना बघवत नाही असं म्हणून तुम्ही इंजिन सुरू केलंत. मी तेव्हा काही बोलू शकले नाही. आता सांगते, आम्हाला ती जागा आता ओळखीची झालीये दादा, तिची खबर कळवत जा.

मालवणचं हे सागरी अभयारण्य १९८७ सालापासून आहे हे मला तुमच्याकडून कळलं. मी शाळेच्या सहलीत सिंधुदुर्ग किल्ला बघितलेला, १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला हे पाठ होतं, तटावरून समुद्रही बघितला होता, पण त्याच तटाच्या पायथ्याशी हे सगळं जगतंय असं कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या सोसायटीतल्या ज्या ज्या लोकांना मी सांगितलं त्यातल्या निम्म्यांना प्रवाळ म्हणजे अंदमान-लक्षद्वीप एवढंच माहीत. तिकडेही जरूर जावं, पण आपल्याच राज्यात, फोंडा घाट उतरून कणकवलीहून पुढे गेलं की हे आहे, आणि तुमच्यासारखी तिथलीच मुलं ते दाखवतायत, तर आधी इथे जा असं मी सगळ्यांना सांगत सुटलीये.

आणि अशा ट्रिप चालवणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे की एक बादली होडीत ठेवा. खर्च काही नाही. घाबरलेला माणूस त्यात तोंड घालून श्वास घ्यायला शिकला की पुढचं सगळं सोपं होतं, आणि जो घाबरलेला नसतो तो धडपडत नाही, त्यामुळे प्रवाळावर पायही मारत नाही. माझ्या आईला जे दहा-पंधरा मिनिटांचं शिकवणं मिळालं ते प्रत्येकाला मिळायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं.

आई जास्तीचे पैसे देत होती ते तुम्ही घेतले नाहीत, म्हणून ती इथून चिवड्याचा आणि मनुक्यांचा डबा पाठवणार आहे, ह्याला नाही म्हणू नका, दुकानाचा पत्ता पिनकोडसकट मेसेज करा. द्राक्षं पाठवायची होती पण कुरिअरमध्ये टिकणार नाहीत. आणि येत्या डिसेंबरात आम्ही परत येतोय, ह्या वेळी मावशीपण आहे. तिला पोहता येत नाही आणि गुडघे दुखतात, तर होडीची शिडी तिला चढता येईल का की किनाऱ्यावरून उतरायची काही सोय होईल, आणि भरती-ओहोटी बघून कुठले दिवस बरे पडतील, तेवढं कळवा म्हणजे मी सुट्टी टाकते.

तुमची,
नाशिकच्या काकींची लेक