'टिकाऊ'चे इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

मराठी मजकूर इंग्रजीत नेणाऱ्या आमच्या छोट्या गटाचे मसुदे तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलेत. मानधन घेतले नाहीत आणि नावही छापू नका म्हणालात. म्हणून नाव न घेता, पण उघडपणे आभार मानतो आहोत. काळाला पुरून उरणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत कोणता शब्द कुठे बसतो, याबद्दल तुम्ही समासात जे लिहून दिलेत ते आमच्यापुरते ठेवणे बरे नाही. संग्रहालयाची पाटी, चादरीचे माहितीपत्रक, दवाखान्यातली सूचना किंवा जमिनीचा जुना कागद इंग्रजीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते लागणार आहे.

तुमचा सगळ्यात मोठा उपकार म्हणजे एक प्रश्न. विशेषण शोधण्याआधी विचारायचे : ही गोष्ट कशाने संपली असती? वापराने झिजून, पुसून, ऋतू बदलल्याने, मुदत भरल्याने, उपचाराने, की फॅशन गेल्याने? इंग्रजीतला यातला जवळपास प्रत्येक शब्द कशाला तरी तोंड देऊन उभा असतो. ते 'कशाला' कळले की शब्द सापडतो. मराठीत आपण टिकाऊ, कायम, पक्का, चिवट, जुनाट, काटक, बारमाही, शाश्वत असे नेमके बोलतो आणि इंग्रजीत शिरलो की सगळ्यांना 'ड्युरेबल' किंवा 'परमनंट' या दोनच कप्प्यांत कोंबतो. गोंधळ तिथेच होतो.

'ड्युरेबल' हा वापराला आणि झिजेला पुरणारा शब्द. मूळ लॅटिन क्रियापद 'ड्युरारे', म्हणजे टिकणे. तो वस्तूला लावायचा : चामडे, लाकूड, रंगाचा थर, यंत्राचा भाग. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत 'ड्युरेबल गुड्स' म्हणजे साधारण ३ वर्षे किंवा अधिक चालणाऱ्या वस्तू. इतका हा शब्द वापराशी बांधलेला आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल ड्युरेबल म्हणता येते. पण रोज अंगावर किंवा पायाखाली येणाऱ्या गोष्टीला 'हार्ड-वेअरिंग' जास्त शोभतो, हे तुम्ही दाखवलेत. घोंगडी, सतरंजी, चप्पल हे सगळे हार्ड-वेअरिंग. खिलार बैल मात्र ड्युरेबल नाही. तो काटक आहे, म्हणून 'हार्डी'. जिवंत प्राणी आणि झाडे ऊन, थंडी, दुष्काळ सोसतात तेव्हा हार्डी. 'स्टर्डी' म्हणजे बांधा भक्कम, पण तो किती वर्षे राहील याबद्दल हा शब्द काही बोलत नाही. 'रेझिलियंट' म्हणजे दबूनही परत उभे राहणारे. बांबू रेझिलियंट असतो, दगड नसतो.

सोलापुरी चादरीच्या पत्रकातली तुमची दुरुस्ती आता आमच्या प्रत्येक कापडाच्या मजकुरात जाते. 'पक्का रंग' म्हणजे 'परमनंट कलर' नव्हे, 'कलरफास्ट'. 'फास्ट'चा इथला अर्थ घट्ट बसलेला. त्यातही कशाला पक्का ते सांगायचे, कारण धुण्याला पक्का असलेला रंग उन्हात विटू शकतो. प्रयोगशाळेत धुलाईचा पक्केपणा १ ते ५ अशा राखाडी पट्टीवर मोजतात आणि उजेडाचा पक्केपणा १ ते ८ अशा निळ्या लोकरीच्या पट्टीवर. दोन्हीकडे मोठा आकडा चांगला. विणकर संस्थेकडे चाचणीचा अहवाल असेल तर विशेषण काढून आकडाच लिहायचा, हा तुमचा आग्रह परदेशी खरेदीदाराला फार उपयोगी पडतो.

खाण्याच्या पदार्थांचा नियम वेगळाच. पापड, लोणची, मेतकूट यांना ड्युरेबल म्हटले तर वाचणाऱ्याला ते दाताने तुटणार नाहीत असे वाटेल. इथे साधे क्रियापद 'कीप' : पदार्थ कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत अमुक महिने 'कीप्स'. 'लास्ट' वापरले तर अर्थ सरकतो. पदार्थ खराब न होता राहिला की 'कीप', संपेपर्यंत पुरला की 'लास्ट'. लोणचे वर्षभर 'कीप' होते आणि चार माणसांच्या घरात दोन महिने 'लास्ट' होते. आणि 'लाँग-लास्टिंग' हा शब्द परिणामासाठी राखायचा : सुगंध, चव, बॅटरी, वेदनाशामकाचा असर.

आता 'परमनंट', ज्याचा आपल्याकडे सर्वाधिक गैरवापर होतो. याचा अर्थ अनंतकाळ नव्हे. संपण्याची तारीख ठरवलेली नाही आणि बदलायचा सध्या हेतू नाही, एवढाच. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालमध्ये लागू केलेला कायमधारा, म्हणजे जमीनदारांकडून घ्यायचा सारा कायमचा ठरवून देण्याची पद्धत, इंग्रजीत 'परमनंट सेटलमेंट' होता. १९५० च्या दशकात जमीनदारी गेली आणि तोही गेला. आपल्या मुंबई इलाख्यात रयतवारीची, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून घ्यायच्या साऱ्याची, आकारणी साधारण ३० वर्षांसाठी ठरत असे, म्हणून तिच्याबद्दल लिहिताना 'परमनंट' चुकूनही येता कामा नये. जनगणनेत पक्क्या घराला 'परमनंट हाउस' हा वर्ग आहे, तो भिंती आणि छपराच्या साहित्यावरून ठरतो. जनगणनेचा आकडा देताना तोच शब्द ठेवायचा. एरवी परदेशी वाचकासाठी 'विटा-काँक्रीटचे घर' असे सरळ लिहायचे, नाहीतर तो 'कायमचा पत्ता' समजतो.

कायद्याच्या कागदात मुदत भरणे हेच संपणे असते, म्हणून तिथे 'परपेच्युअल' लागतो. कायमचा मनाई हुकूम १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात 'परपेच्युअल इन्जंक्शन' आहे. सदस्य बदलले तरी कंपनी चालू राहते ते 'परपेच्युअल सक्सेशन'. या जागी 'इटर्नल' किंवा 'एव्हरलास्टिंग' लिहिले तर कागद हास्यास्पद होतो. शिलालेखांतल्या 'आचंद्रार्क'साठी तुम्ही दोन पर्याय दिलेत. कायदेशीर सारांशात 'इन परपेच्युइटी', आणि लेखाचे भाषांतर देताना 'चंद्र-सूर्य एन्ड्युअर करतील तोवर'. गधेगाळाच्या, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळेवर, वर चंद्र-सूर्य कोरलेलेच असतात, त्यामुळे दुसऱ्या पर्यायात वाचणाऱ्याला चित्र आणि शब्द जुळलेले दिसतात. पाटीवर आम्ही तोच घेतो.

याच 'एन्ड्युअर'चा धोका तुम्ही लाल शाईने दाखवला होता. पुढे कर्म नसेल तर अर्थ 'टिकून राहणे', कर्म आले की अर्थ 'सोसणे'. नाव एन्ड्युअर करते; माणूस दुष्काळ एन्ड्युअर करतो. 'एन्ड्युअरिंग' हे विशेषण वारसा, लोकप्रियता, मैत्री, प्रतिमा यांना लावायचे. त्यात काळाच्या कसोटीतून गेल्याचे कौतुक असते. खुर्ची एन्ड्युअरिंग नसते, तिची घडण असू शकते. त्याच्या शेजारचा 'अबायडिंग' मुख्यतः मनातल्या गोष्टींसाठी : श्रद्धा, ओढ, आस्था. 'टाइमलेस' हा फॅशनला पुरून उरलेल्या नक्षीसाठी. तो जाहिरातींनी इतका वापरला आहे की शक्यतो टाळा, असे तुम्ही लिहिलेत आणि आम्ही टाळतो.

संग्रहालयाच्या पाट्यांमध्ये सर्वांत मोठा फरक पडला तो 'सर्व्हायव्हिंग' आणि 'एक्स्टंट' या दोन शब्दांनी. अजिंठ्याच्या ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांत सर्वांत जुन्या चित्रांचे अवशेष आहेत. त्यांना ड्युरेबल म्हणणे चूक, कारण मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या पृष्ठभागावर काढलेली ही चित्रे मुळातच नाजूक. ओल, कीटक आणि माणसाचा स्पर्श यांपैकी काहीही त्यांना संपवू शकते. ती 'सर्व्हायव्हिंग' आहेत : बरोबरीचे बरेच गेले, हे उरले. या एका शब्दात नाश आणि शिल्लक दोन्ही येतात, म्हणून तो पाटीवर दोन वाक्ये वाचवतो. 'एक्स्टंट' पोथ्या, लेख, प्रती यांच्यासाठी. म्हणजे आज अस्तित्वात असलेली. ती कोणत्या अवस्थेत आहे हे तो सांगत नाही, त्यासाठी 'इन्टॅक्ट' (अखंड) किंवा 'फ्रॅग्मेंटरी' (तुकड्यांत उरलेले) वेगळे लिहावे लागते. किल्ल्याची तटबंदी जागेवर उभी असेल तर नुसते 'स्टँडिंग' पुरते.

'इन्डेलिबल' म्हणजे पुसता न येणारे, कायमचे नव्हे. मतदानाच्या शाईहून चांगले उदाहरण नाही. १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येणाऱ्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. ते त्वचेवर आणि नखावर उजेडाने काळे पडते, साबणाने जात नाही. पण त्वचा झडते, नख वाढते आणि काही आठवड्यांत खूण निघून जाते. म्हणून ती इन्डेलिबल आहे, परमनंट नाही. मतदार जागृतीच्या पत्रकात हा भेद न पाळल्यास लोक उगाच घाबरतात.

आरोग्याच्या मजकुराबद्दल तुम्ही सर्वांत कडक होतात, आणि योग्यच होतात. तिथे हे शब्द कालमर्यादेशी बांधलेले असतात. 'क्रॉनिक' वेदना म्हणजे ३ महिन्यांहून अधिक राहिलेली किंवा परत परत येणारी. मूत्रपिंडाच्या आजाराला क्रॉनिक म्हणायलाही बिघाड किमान ३ महिने असावा लागतो, 'हिपॅटायटिस बी'ला ६ महिने. क्रॉनिक म्हणजे गंभीर नव्हे. गंभीर म्हणजे 'सिव्हिअर', आणि सौम्य आजारही क्रॉनिक असू शकतो. 'पर्सिस्टंट' म्हणजे चिवट : हटवायचा प्रयत्न चालू आहे आणि जात नाही. परमनंट आणि पर्सिस्टंट यांची अदलाबदल किती महाग पडते हे दाखवायला तुम्ही मेंदूच्या इजेनंतरच्या, भान नसलेल्या अवस्थेचे, इंग्रजीत 'व्हेजिटेटिव्ह स्टेट'चे, उदाहरण दिलेत. १९९४ च्या अमेरिकी निकषांत ही अवस्था महिनाभर राहिली की 'पर्सिस्टंट' म्हणत. 'परमनंट' म्हणायला अपघाती इजेत १२ महिने आणि इतर कारणांत ३ महिने जावे लागत. दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरे एकच, 'पीव्हीएस', त्यामुळे कागदोपत्री घोटाळा ठरलेला. २०१८ च्या मार्गदर्शिकेने 'परमनंट' सोडून 'क्रॉनिक' सुचवला, कारण काही रुग्ण त्या मुदतीनंतरही सुधारत होते. एका विशेषणाने नातेवाइकांची आशा संपवता येते. म्हणून आरोग्यपत्रिकेतला असा प्रत्येक शब्द आम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

शेतीच्या मजकुरात 'बारमाही'ने फसवले असते. नदी बारमाही असेल तर 'पेरेनियल'. भाजी बाजारात बारमाही मिळत असेल तर 'इयर-राउंड'. झाडाच्या बाबतीत 'पेरेनियल' म्हणजे बहुवर्षायू, दोनाहून अधिक वर्षे जगणारे. ऊस बहुवर्षायू गवत आहे, म्हणून तर तोडणीनंतर खोडवा येतो. हळद आणि तूरही स्वभावाने बहुवर्षायू, पण शेतात वर्षाच्या आत काढली जातात. त्यांच्याबद्दल 'पेरेनियल, ग्रोन ॲज ॲन ॲन्युअल' असे लिहायचे. 'एव्हरग्रीन'चा संबंध वयाशी नाही, पानांशी आहे. साग कित्येक दशके जगतो, तरी पानझडीच. आणि 'शाश्वत शेती', 'शाश्वत विकास' यांना 'इटर्नल' लावणे ही नव्या अनुवादकाची हमखास चूक. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या १७ उद्दिष्टांत शब्द आहे 'सस्टेनेबल', म्हणजे उद्याचे न ओरबाडता आज चालवता येईल असे. 'इटर्नल' आम्ही आता अभंगांच्या अनुवादातच वापरतो.

शब्दांना चांगली-वाईट बाजू असते, हेही तुमच्यामुळे अंगवळणी पडले. 'क्रॉनिक', 'पर्सिस्टंट', 'इन्व्हेटरेट' हे बहुधा नको असलेल्या गोष्टींना चिकटतात : पाणीटंचाई, खोकला, खोटे बोलण्याची सवय. जुनी मैत्री 'लाँग-स्टँडिंग' असते, क्रॉनिक कधीच नाही. पण 'लाँग-स्टँडिंग' तटस्थ आहे, तो वादालाही चालतो. 'पेरेनियल'ही दोन्हीकडे जातो : दरवर्षी उपटणारा प्रश्न पेरेनियल, दरवर्षी आवडणारा पदार्थही पेरेनियल.

राहिली स्पेलिंगे. 'परमनंट' आणि 'पर्सिस्टंट'च्या शेवटी ई-एन-टी, पण 'रेझिस्टंट' आणि 'एक्स्टंट'च्या शेवटी ए-एन-टी. 'ड्युरेबल'ला ए-बी-एल-ई, 'इन्डेलिबल'ला आय-बी-एल-ई. 'पेरेनियल'मध्ये आर एक आणि एन दोन. 'लाँग'ने सुरू होणारी जोडविशेषणे नामाआधी आली की मध्ये सहसा आडवी रेघ हवी. संगणकाचा तपासनीस यातले बरेचसे पकडतो, पण 'एक्स्टंट'ऐवजी व्याप्ती या अर्थाचा 'एक्स्टेंट' पडला तर तो गप्प बसतो, कारण तोही खरा शब्द आहे. हे तुम्ही दोनदा अधोरेखित केले होते. छपाईला जाण्याआधी या एका शब्दासाठी आम्ही अख्खा मजकूर वेगळा शोधतो.

बाई, तुमच्या टिपणांची टंकलिखित प्रत आमच्या प्रत्येक नव्या अनुवादकाला पहिल्याच दिवशी मिळते. पुढच्या पाट्यांचे मसुदे तयार झाले की पाठवतो. त्यांत वीरगळांवरच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवरच्या, मजकुरात 'अमर' चार ठिकाणी आला आहे. 'इम्मॉर्टल' आम्ही दोनच ठिकाणी ठेवला आहे, उरलेल्या दोन जागा तुमच्यासाठी मोकळ्या सोडल्या आहेत. तब्येतीला जपा.

तुमचे ऋणी,
मराठी-इंग्रजी अनुवाद करणारे आम्ही सर्व