मोर्चाचा फोटो छापता, बैठकीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत 'चळवळी कुठे गेल्या?' असं विचारणारा लेख वाचला. सोबत जुन्या मोर्चाचा फोटो होता. झेंडे, वर गेलेल्या मुठी, पुढे माइक धरलेले पुढारी. मी एका हमालाची मुलगी. तो फोटो पाहताना मला आठवली ती वडिलांच्या टोपीच्या घडीत खोचलेली संघटनेच्या वर्गणीची पावती.

वडील आधी पुण्याच्या भवानी पेठेत आणि बाजार हलल्यावर गुलटेकडीला पोती वाहायचे. तेव्हा पोतं शंभर किलोचं असे. मिरचीच्या गाळ्यावर काम केलेल्या दिवशी आई त्यांना आधी मोरीत धाडायची, त्यानंतरच आम्ही पोरं जवळ जायचो. हमाल पंचायतीची, म्हणजे त्यांच्या संघटनेची, बैठक असली की त्यांना उशीर व्हायचा. "आज काय ठरलं?" असं आईनं विचारलं की उत्तर बहुधा एकच, "ठरतंय काय? भांडणं मिटवली." कुठल्या टोळीनं कुठल्या गाळ्यावर लागायचं, वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, हिशोबात कुणी घोळ घातला, कामावर पिऊन कोण आला. पंचायतीचे संस्थापक बाबा आढावांची भाषणं मीही ऐकली आहेत, पण घरात जेवताना विषय असायचा तो या भांडणांचा. ती मिटत गेली म्हणून तर 'उद्या बंद' म्हटल्यावर एकही पोतं हलत नसे.

आपल्या लेखात १९६९ च्या माथाडी कायद्यावर एकच ओळ आहे. हमालाचा मालक कोण, हा खरा पेच होता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, आणि प्रत्येक अडत्या म्हणणार, हा आमचा माणूस नाही. कायद्यानं तोड काढली ती अशी : हमाल आणि मालक दोघांचीही नोंद माथाडी मंडळाकडे, मजुरी आणि वरची लेव्ही (मजुरीवरचा ठरावीक टक्का) मालकानं तिथेच भरायची, त्यातून हमालाला पगार मिळणार आणि भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटीही. वडिलांचं पहिलं बँक पासबुक यातूनच आलं. ही युक्ती काही एका मोर्चातून निघालेली नाही. २०२३ मध्ये याच कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं, तेव्हा हमाल-माथाडी पुन्हा रस्त्यावर उतरले. बातम्यांत मी वाचलं ते मुख्यतः वाहतूक कोंडीचं.

नारायण मेघाजी लोखंड्यांचं घ्या. तेही आपल्यासारखे संपादकच, 'दीनबंधु'चे, आणि सत्यशोधक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचं गाऱ्हाणं सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे पाठवलं, त्याखाली साडेपाच हजारांवर सह्या. मागण्या अगदी साध्या : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. रविवारची सुट्टी पदरात पडली १८९० मध्ये. मध्ये सहा वर्षं गेली! बहुतेकांना लिहिता येत नसलेल्या माणसांकडून, गिरणीच्या वेळा सांभाळून, एवढ्या सह्या गोळा करायला किती चाळींचे जिने चढावे लागले असतील?

आणि चळवळी संपल्या म्हणणाऱ्यांनी आपला कचरा कोण नेतं ते एकदा पाहावं. १९९३ मध्ये पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. सुरुवातीची मोठी लढाई ओळखपत्राची होती. पाठीवर भंगाराचं पोतं असलेल्या बाईला कुणीही चोर म्हणून हटकायचं, महापालिकेनं मान्य केलेलं कार्ड दाखवलं की समोरच्याचा आवाज खाली येई. त्याच पंचायतीतून पुढे घरोघरचा कचरा नेणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली.

आमच्या इमारतीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताई गेल्या आठवड्यात म्हणाल्या, "उद्या उशीर होईल, मीटिंग हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजेपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अकरा तक्रारी. मीटिंग कसली, हे त्यातल्या एकानंही विचारलं नाही. मी विचारलं. दोन बायकांमध्ये गल्लीच्या हद्दीवरून वाद होता, तो मिटवायचा होता म्हणे.

तेव्हा विनंती एवढीच की अशा एखाद्या बैठकीला आपला वार्ताहर पाठवा. दोन-अडीच तास बसावं लागेल, आणि फोटो काही चांगला येणार नाही, हे आधीच सांगते.

— एक निवृत्त शिक्षिका, पुणे